फोन हातात नसला तरी जीव फोनमध्येच, यावर तुम्ही काय केलंय?

तळ्यातमळ्यात:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं रोमात (नुसता वाचनमात्र) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या.

विषय फोनचा आहे पण 'रील्समध्ये वेळ जातो' हा नाही. रील्स मी फारसे बघत नाही, इन्स्टा फोनमध्येच नाहीये. डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन बघितलं तर स्क्रीनटाइमपण चारचौघांसारखाच आहे. पण त्याच्या खाली फोन किती वेळा अनलॉक केला तो आकडा असतो ना, तो बघून चाट पडलो. म्हणजे मी फोनवर बसलेला नसतो, मी सारखा डोकावत असतो.

कारण ग्रुप. ऑफिसचा ग्रुप, मॅनेजर नसलेला ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा, सोसायटीच्या पार्किंगचा (हो वेगळा आहे, का ते विचारू नका), मुलीच्या वर्गाचा पालक ग्रुप, स्कूलबसचा ग्रुप, आमच्याकडचा, बायकोकडचा. यातला एकही पूर्ण बंद करता येत नाही कारण त्या चाळीस अंगठ्यांच्या आणि हात जोडलेल्या इमोजींच्या मध्ये कुठेतरी 'आज बस मागच्या गेटला येईल' असं असतं आणि ते चुकलं तर पोरगी पुढच्या गेटला उभी. जेवताना फोन पालथा ठेवतो तरी कान तिकडेच. रात्री ऑफिसच्या ग्रुपवर कोणी टाइप करायला लागलं की माझे खांदे आपोआप वर जातात, अक्षरशः.

तुम्ही काय केलंय आणि त्यातलं काय टिकलंय ते सांगा. 'फोन फेकून दे', 'विपश्यनेला जा' आणि 'आमच्या वेळी लँडलाइन होता' हे तीन सल्ले सोडून.

पावशेर:
विपश्यनेला जा.

(पळतो आता)

शेवगा:
पावशेर, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

तळ्यातमळ्यात, थोडं तांत्रिक सांगते. अँड्रॉइड ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे आत वेगवेगळे प्रकार असतात. नोटिफिकेशन आलं की त्यावर बोट दाबून धरायचं, तिथून सेटिंगमध्ये जाता येतं, तिथे 'ऑर्डर अपडेट' चालू ठेवायचं आणि 'ऑफर्स' बंद. जेवण मागवायच्या अ‍ॅपने मला रात्री ११ ला 'भूक लागली का' विचारायची गरज नाही, लागली तर मला कळते. काही अ‍ॅपवाले चलाखी करून सगळं एकाच प्रकारात कोंबतात, त्यांचं सरळ सगळंच बंद करते, पैसे कापले गेले की बँकेचा एसएमएस येतोच.

व्हॉट्सअ‍ॅपला ग्रुप कायमचा म्यूट करता येतो, हे २०२० पासून आहे, त्याआधी जास्तीत जास्त वर्षभर करता यायचा. नुसता म्यूट करू नका, अर्काइव्हमध्ये टाका. २०२१ पासून अर्काइव्ह केलेला ग्रुप नवीन मेसेज आला तरी उडी मारून वर येत नाही, पूर्वी यायचा. कोणी तुमचं नाव घेऊन टॅग केलं तर कळतं. आणि प्रायव्हसीमध्ये 'ग्रुपमध्ये कोण अ‍ॅड करू शकतं' ते बघा, नाहीतर उद्या पार्किंगच्या ग्रुपचा पण उपग्रुप निघेल.

तळ्यातमळ्यात:
धन्यवाद शेवगा, ऑफर्सचं लगेच केलं. अर्काइव्हचं पण केलं होतं पूर्वी पण मग मी अर्काइव्ह उघडून बघायला लागलो.

मनकवडी:
समुपदेशनाचं काम करते म्हणून लिहिते, नाहीतर मीपण रोमातलीच.

तुमच्या धाग्यात खरी गोम 'कुठेतरी एक कामाचा मेसेज असतो' या वाक्यात आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कबुतराने चोच मारली की दर वेळी दाणा, असं असलं तर दाणा बंद झाल्यावर ते लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो कधी नाही, नेम नाही, असं ठेवलं की ते कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतं. तुमच्या ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज कामाचा असता तर तुम्ही कामापुरतं बघून फोन ठेवला असता, एकही कामाचा नसता तर कधीच सोडून दिला असता. अधूनमधून कामाचा निघतो म्हणून सारखं उघडावं लागतं. त्यामुळे 'माझ्यात विलपॉवर नाही' असं म्हणून स्वतःला झोडपू नका.

आणि हो, हल्ली जो तो मोबाईलचं व्यसन म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे पण मोबाईलचं व्यसन असा वेगळा आजार नाहीये. याचा अर्थ त्रास खोटा असा नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून फक्त यासाठी शट क्लिनिक चालतं आणि तिथे येणाऱ्यांचा त्रास चांगलाच खरा असतो. पण डोकावण्याची सवय म्हणजे लगेच व्यसनी, असा शिक्का मारायची घाई नको.

कडेगावकडचा:
हितं कुणी भोंग्याचं लिहिलं न्हाई अजून म्हणून लिहितो.

मोहित्यांचं वडगाव आमच्या कडेगाव तालुक्यातलंच, सांगली जिल्हा. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासनं रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजायचा सुरू झाला. भोंगा वाजला की गावानं टीव्ही मोबाईल बंद करायचा, दीड तासानं साडेआठला परत वाजला की चालू. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, पोरांच्या हातात फोन गेला तो शाळा उघडल्यावरबी हातातनं सुटंना, त्यातनं हे निघालं. पुरुष मंडळी आधी हसली. मग सरपंचांनी बायकांची सभा घेतली तेव्हा बायकाच म्हणल्या आमचंबी मालिकांमुळं तेच झालंय, सगळ्यांनीच बंद करूया. पोरं अभ्यासाला बसायची आन् मोठी माणसं वाचायची नायतर गप्पा मारायची. शिक्षक, आशाताई गल्लीतनं फिरून बघायच्या.

मला यात आवडतं ते असं की त्या दीड तासात तुम्ही फोन उचलला न्हाई तर कुणाला राग येत न्हाई. समोरच्यानंबी बंदच ठेवलाय. एकट्यानं बंद ठेवला की पाव्हणं म्हणत्यात, लय मोठा झाला का, फोन उचलत न्हाई.

फोडणी:
कल्पना छान आहे पण दादा ७ वाजता मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असते, तिथे सगळेच भोंगे वाजत असतात.

आणि गावाच्या निर्णयांचं कौतुक करताना जरा जपून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद. तेव्हापण वाहवा झाली होती. मला ते पटलं नव्हतं. मुलांना बंदी आणि ओट्यावर बसलेले बाप-काके खुशाल व्हिडिओ बघणार, तेही स्पीकरवर. वडगावचं वेगळं वाटतं ते यासाठीच की मोठ्यांनी पण ठेवला.

उंटावरचा:
बायका दुपारी फोन कमी बघतील तर निम्मे ग्रुप आपोआप शांत होतील. अनुभवाचे बोल.

फोडणी:
उंटावरचे भाऊ, पार्किंगच्या ग्रुपवर कोण भांडतं ते धागाकर्त्याला विचारा आणि मग बोला.

तळ्यातमळ्यात:
पार्किंगच्या ग्रुपवर एकही बाई नाहीये. पुढे चला.

गुरुजी_जिप:
मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, द्विशिक्षकी शाळा, गाव आणि जिल्हा सांगत नाही. तुमचे ग्रुप वाचून हेवा वाटला सर.

आमचे ऐका. शाळेचा ग्रुप, केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, पोषण आहाराचा, प्रशिक्षणाचा, निवडणुकीचं काम लागलं की बीएलओचा (मतदार याद्यांचं काम), आणि प्रत्येक उपक्रम निघाला की त्याचा एक नवीन ग्रुप, तो उपक्रम संपला तरी ग्रुप संपत नाही. वर्गात पहिली ते चौथीची पोरं एकत्र बसलेली, मी दुसरीला हातच्याची बेरीज शिकवतोय आणि खिशात थरथर. उघडावं तर 'अति तात्काळ, सदर लिंक आज ४ पर्यंत भरावी'. त्याच्याखाली लगेच 'ओके सर' 'ओके सर' 'जी सर' 'ओके सर' इतके की मूळ मेसेज शोधायला बोट दुखतं. लिंक भरायची तर वर्गात रेंज नाही, शाळेमागच्या टेकाडावर जावं लागतं, म्हणजे दोघांपैकी एक शिक्षक टेकाडावर आणि दुसऱ्याकडे सगळी शाळा.

पण टेन्शन लिंकचं नसतं हो. टेन्शन यादीचं असतं. संध्याकाळी ग्रुपवर 'खालील शाळांनी अद्याप माहिती भरलेली नाही' म्हणून यादी पडते, नावानिशी, लाल रंगात. सगळ्या तालुक्यासमोर. मी सातला घरी आलो की आधी ती यादी बघतो मग पाय धुतो. आपलं नाव नसलं तर बरं वाटतं आणि असं बरं वाटतंय याची पण चीड येते. रविवारीसुद्धा यादी येते. बायको म्हणते झोपेत पण तुम्ही ओके सर म्हणता, ती थट्टा करते पण मला वाटतं खरंच म्हणत असेन.

नोटिफिकेशन बंद करून माझं काय होणार? यादी तर पडणारच ना.

शेवगा:
गुरुजी, यावर खरंच माझ्याकडे सेटिंग नाहीये. वाचून गप्प झाले.

मनकवडी:
गुरुजी, तुमचं लिहिणं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुम्हाला त्रास स्क्रीनचा नाही, त्या स्क्रीनमधून कधीही कोणीही चारचौघांत नाव घेऊ शकतं याचा आहे. झोपेवर परिणाम होत असेल, रविवारीपण छातीत धडधड होत असेल तर टेलिमानसला बोलून बघा, १४४१६, केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, २४ तास, मराठीतही बोलता येतं. वेड लागलं तरच फोन करायचा असं काही नसतं.

डेक्कनक्वीन:
गुरुजींना अनुमोदन. आमच्याकडे लाल यादी नाही पण डॅशबोर्ड आहे, तेच ते, फक्त इंग्रजीत.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदा आहे की ५० किंवा त्याहून जास्त लोक असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेनंतर ईमेल-फोन यांचं काय, यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करायची. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर मेल-फोनला उत्तर न देण्याचा हक्क आला. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत यावर खाजगी विधेयक (सरकारने नाही, खासदाराने आणलेलं) मांडलं होतं. पण १९७० नंतर संसदेत एकही खाजगी विधेयक पास झालेलं नाही, तेव्हा त्या वाटेकडे डोळे लावून बसू नका.

आमच्या टीममध्ये एकच गोष्ट चालली. आमच्या बाईंना (मॅनेजर) रात्री दोन वाजता कल्पना सुचतात. त्या बिचाऱ्या प्रामाणिकपणे खाली लिहायच्या 'नो रश, उद्या बघा'. पण वाचणाऱ्याची झोप उडायची ती उडायचीच. एकाने धीर करून सांगितलं की मॅडम तुम्ही रात्रीच लिहा पण शेड्यूल सेंड करा, सकाळी साडेनऊला येऊ दे. त्यांना माहीतच नव्हतं की आम्ही रात्री बघतो! त्यांच्या मते आम्ही झोपलेले असायचो. आता सकाळी साडेनऊला मेलचा पाऊस पडतो पण तो ऑफिसच्या वेळेत पडतो.

उंटावरचा:
म्हणजे सगळं समोरच्यावर. स्वतः काही करायला नको कोणाला.

डेक्कनक्वीन:
स्वतः काय, तर सांगायचं. तेच सगळ्यात अवघड असतं भाऊ, सेटिंग बदलणं सोपं आहे.

आजोळ:
मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठी, साठीच्या पुढची, तेव्हा टायपिंगच्या चुका पोटात घाला.

माझा मुलगा न्यू जर्सीला. त्याची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, आणि उन्हाळा हिवाळ्यात त्यांची घड्याळं बदलली की साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो, दर वेळी माझा गोंधळ. म्हणून फोन उशाशी. त्याचा फोन चुकू नये म्हणून आवाज चालू, आणि आवाज चालू म्हणून पहाटे ४ पासून हास्यक्लबच्या ग्रुपवर सूर्योदय, गुलाब आणि सुविचार पडायला लागतात ते सगळे माझ्या कानात. झोप मोडली की मोडली. त्यात मागे एक फोन आला, तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, पोलिसात या नाहीतर व्हिडिओवर थांबा. मी घाबरून कापत होते. शेजारच्या मुलीने फोन काढून घेतला आणि कट केला, म्हणाली काकू डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नसतंच, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लिहून दिला भिंतीवर. पैसे गेले नाहीत पण त्यानंतर अनोळखी नंबर वाजला की पोटात गोळा.

मुलाशी बोलले. आता त्याने शनिवारी त्याच्या सकाळी करायचा असं ठरलंय, आपली संध्याकाळ असते. ठरलंय म्हटल्यावर मधल्या दिवसांत मी वाट बघत नाही, खरंच. तरी फोन उशाशी ठेवतेच, न जाणो काही अडचण आली त्याला तर.

रात्रपाळी:
आजोळ काकू, तुमच्यासाठीच लिहायला आले. मी आयसीयूत नर्स आहे, ड्युटी नसली तरी बोलावणं येऊ शकतं, म्हणून फोन बंद ठेवणं मला शक्य नाही, आणि झोपले नाही तर दुसऱ्या दिवशी औषधाचा डोस काढताना डोळे मिटतात, तेपण चालत नाही.

माझं असं आहे. झोपताना डू नॉट डिस्टर्ब लावते. त्यात 'फक्त स्टार केलेल्या लोकांचे कॉल' असं ठेवायचं. माझ्याकडे वॉर्डचा नंबर, आई, नवरा आणि मुलाची शाळा एवढेच स्टार आहेत. मेसेज कुणाचाच वाजत नाही. त्यातच 'रिपीट कॉलर' म्हणून एक असतं, ते चालू ठेवा. अनोळखी नंबरवरून कोणी १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो, आयफोनला हे ३ मिनिटांचं आहे. खरी अडचण असलेला माणूस दुसऱ्यांदा करतोच. गजराला काही होत नाही, तो वाजतो.

हे लावल्यावर पहिल्यांदा काय झालं तर फोन खोलीबाहेर ठेवता आला, आवाज येईल एवढ्या अंतरावर. पूर्वी हातात घेऊन झोपायचे कारण वाजेल का नाही याचीच खात्री नसायची.

पावशेर:
हे माहीत नव्हतं, वाखू (वाचनखूण) साठवली. आता गंभीरपणे एक सांगतो, सल्ला नाही. मी गजरासाठी साधं सेलवालं घड्याळ आणलं. फोनने गजर लावला की सकाळी गजर बंद करायला फोन हातात, हातात आला की ग्रुप, ग्रुप बघितले की अंथरुणातच ऑफिस. घड्याळ आणल्यावर हे सगळं निदान चहापर्यंत पुढे गेलं. तोटा एकच, टिकटिक ऐकू येते, बायकोने ते कपाटात टाकलंय, आता गजर कपाटात वाजतो.

तळ्यातमळ्यात:
सगळ्यांचे आभार, वाटलं नव्हतं इतके प्रतिसाद येतील.

कडेगावकडच्या दादांचं आणि डेक्कनक्वीनचं वाचून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. भांडण अपेक्षित होतं. झालंच. पण एक ठरलं, पाणी, लिफ्ट आणि वीज यासाठी वेगळा ग्रुप ज्यात फक्त कमिटीच लिहू शकते (ही सोय व्हॉट्सअ‍ॅपला २०१८ पासून आहे आणि आम्ही आत्ता वापरतोय). आभार, अंगठे, विनोद सगळं जुन्या ग्रुपवर. टँकर येणार असेल तर त्या एकाच ठिकाणी. जुना ग्रुप मी त्याच रात्री अर्काइव्ह केला आणि मनकवडी ताई, या वेळी उघडून बघितला नाही कारण आत दाणा नाही हे माहीत आहे.

स्कूलबसच्या ताईंशीपण बोललो. त्या म्हणाल्या अहो मलापण वैताग येतो, मी एक ओळ टाकते आणि तुम्ही पन्नास जण थँक्यू म्हणता, गाडी चालवताना दादांचा फोन वाजत राहतो. त्यांनी तसाच ग्रुप केला. पालक ग्रुपचं मात्र जमलेलं नाही, तिथे रात्री ११ ला 'गणिताचं पान कुठलं' चालूच आहे आणि वर्गशिक्षिका बिचाऱ्या उत्तर देतायत.

ऑफिसचं धाडस अजून झालेलं नाही.

गुरुजी_जिप:
तळ्यातमळ्यात सर, त्या वर्गशिक्षिकांच्या वतीने विनंती, तुम्ही पालकांनीच आपापसात ठरवा. मुलाची वही बघा, नसेल लिहिलं तर सकाळी मित्राला विचारू दे. शिक्षक स्वतः 'आता विचारू नका' म्हणू शकत नाही, लगेच तक्रार होते.

आमच्या केंद्रात आम्ही शिक्षकांनी एक केलंय. 'ओके सर' लिहायचं बंद, त्या मेसेजवर अंगठा दाबायचा फक्त. केंद्रप्रमुख साहेबांना आधी राग आला, त्यांना वाटलं कोणी उत्तरच देत नाही. मग एका ज्येष्ठ बाईंनी त्यांच्या फोनवर दाखवलं की अंगठ्यावर बोट ठेवलं की कोणी कोणी बघितलंय ती सगळी नावं दिसतात. साहेब खूश झाले, त्यांना तीच नावं पाहिजे होती. आता मूळ मेसेज सापडतो. लाल यादी तालुक्यावरून येते, ती चालूच आहे. तिच्याबद्दल संघटनेच्या बैठकीत बोलायचं ठरलंय, नावं ग्रुपवर टाकण्याऐवजी त्या त्या शाळेला फोन करावा एवढीच मागणी. बघू.

१४४१६ ला फोन केला होता. बोललो. बरं वाटलं, जास्त लिहीत नाही.

फोडणी:
गुरुजी __/\__

आजोळ:
रात्रपाळी, बाळ, ते स्टार कुठे करायचं ते सापडत नाहीये. मी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मुलाच्या मेसेजला स्टार केला, ते बरोबर का?

रात्रपाळी:
नाही काकू, तो मेसेजचा स्टार, वेगळा. फोनची जी कॉन्टॅक्टची यादी असते ती उघडा, मुलाचं नाव दाबा, वरच्या बाजूला चांदणी दिसेल ती दाबा. तसंच शेजारच्या मुलीचं पण करा. मग सेटिंग्जमध्ये वरती शोधायच्या जागी 'डू नॉट डिस्टर्ब' लिहा, आत कॉल म्हणून असेल तिथे स्टारवाले निवडा. एक मात्र लक्षात घ्या, मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल करत असेल तर काही फोनमध्ये स्टार असूनही तो वाजत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि ती दिली की गुलाब आणि सुविचारपण परत आत येतात. त्यापेक्षा मुलाला सांगा, रात्री तातडीचं असेल तर साधा कॉल कर, महाग पडला तरी. लावून झालं की शेजारच्या मुलीला रात्री एकदा करायला सांगा आणि वाजतो का बघा.